एक हेक्टर द्राक्षं, पंधरा गुंठे भात

खोपोलीच्या माणसाला एक सुख आहे. लोकलमध्ये कितीही गाढ झोप लागली तरी त्याचं स्टेशन चुकत नाही. गाडी पुढे जातच नाही! तीस वर्षं मी मुंबईत नोकरी केली. रात्री कर्जत आलं की डबा जवळजवळ रिकामा व्हायचा, मग पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली. शेवटी कुणीतरी खांद्याला हलवून म्हणायचं, "काका, उठा, आलं." सीएसटीपासून अडीच तास. मुंबईची लोकल जिथे थकून थांबते ते आमचं गाव. म्हणजे उपनगर म्हणायचं की खेडं, हे आमचं आम्हालाही नीट सांगता येत नाही.

हे सगळं आठवायला कारण झालं माझी भाची. ती नोकरीनिमित्त पॅरिसला असते. पॅरिसला म्हणजे खरं तर पॅरिसच्या बाहेर, सेन नदीच्या पलीकडे, सुरेन नावाच्या गावात. परवा तिने एक फोटो पाठवला. मागे काचेच्या उंच इमारती, आणि पुढे डोंगराच्या उतारावर द्राक्षाच्या वेलींच्या सरळ ओळी. खाली लिहिलं होतं, "मामा, ही बाग नगरपालिकेची आहे. दरवर्षी इथल्या द्राक्षांची वाइन काढतात. हे गाव म्हणजे यांची खोपोलीच, गाडीत बसलं की थेट पॅरिस! आपल्याकडे असं काय आहे?"

मी लगेच जरा मास्तरी थाटात उत्तर टाइप केलं. आपल्याकडे नाना फडणवीसांचं तळं आहे, वीरेश्वराचं देऊळ आहे, महडचा वरदविनायक आहे, बोरघाट आहे, वगैरे वगैरे. तिचं उत्तर आलं, "ते सगळं माहीत आहे मामा. मी पिकाचं विचारत होते."

यावर मला काही सुचेना. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी माझ्यासमोर टेबलावर आमच्या शेताचा सातबारा पडलेला होता. का पडला होता ते पुढे सांगतो.

आधी थोडं सुरेनबद्दल. तिच्या फोटोनंतर मी बरंच वाचून काढलं. आपल्याला फ्रान्समधली वाइन म्हटली की बोर्दो आणि शॅम्पेन एवढीच नावं ठाऊक असतात. पण अठराव्या शतकात खुद्द पॅरिसभोवतीच्या गावांत द्राक्षाच्या बागा प्रचंड होत्या. एवढ्या मोठ्या शहराला रोज प्यायला लागणारी वाइन आसपासच्याच टेकड्यांवर पिकायची. सुरेन हे त्यातलं नाव असलेलं गाव. मग रेल्वे आली. पॅरिसहून व्हर्सायला जाणारी गाडी १८३९ पासून सुरेनवरून जाऊ लागली. पुढे रेल्वेचं जाळं दक्षिणेपर्यंत पसरलं आणि तिकडची ऊन खाल्लेली स्वस्त वाइन पॅरिसच्या बाजारात उतरली. पॅरिसभोवतीच्या बागाइतदाराचं गणित तिथेच चुकलं. त्यात वेलींच्या मुळांवर पडणाऱ्या फायलॉक्सेरा किडीने फ्रान्सभर धुमाकूळ घातला. नंतर कारखाने आले. विमानं बांधणाऱ्या ब्लेरियोचा कारखाना सुरेनलाच होता. कामगार आले, घरं आली, बागा गेल्या.

इथपर्यंतची गोष्ट जगातल्या कुठल्याही उपनगराची आहे. पुढचं मात्र वेगळं आहे. १९१९ ते १९४१ या काळात आंरी सेलिए हा माणूस सुरेनचा महापौर होता. कामगारांना उजेडाची, हवेशीर घरं मिळावीत म्हणून आयुष्य घालवलेला हा समाजवादी. त्याच्या काळात सुरेनला उद्यान-वसाहत उभी राहिली. नाजूक तब्येतीच्या मुलांसाठी उघड्या हवेतली शाळा बांधली गेली. ती शाळा आज वास्तुकलेच्या अभ्यासकांना दाखवतात. म्हणजे माणूस जुन्याला कवटाळून बसणारा अजिबात नव्हता. घरं हवीतच, असं म्हणणारा होता. आणि त्याच माणसाच्या कारकिर्दीत, १९२६ साली, नगरपालिकेने गावात द्राक्षाची बाग लावली. गाव शहर होणार हे त्याला कळत होतं. तरी हे गाव कशावर जगत होतं ते दिसायला एक तुकडा राहू दे, एवढंच. आज ती बाग साधारण एक हेक्टर आहे. म्हणजे अडीच एकर! आमच्याकडे एवढ्यावर एका कुटुंबाचंही भागत नाही.

आता खोपोली.

बोरघाटाच्या पायथ्याशी असणं हेच आमचं नशीब आणि हाच आमचा धंदा. कोकणातून देशावर जायचं तर इथे थांबायचं, दम घ्यायचा, जनावरांना पाणी दाखवायचं आणि पहाटे घाट चढायला लागायचं. नाना फडणवीसांनी इथे तळं बांधलं आणि काठावर महादेवाचं देऊळ उभारलं ते याच वाटसरूंसाठी. बाहेरच्यांना प्रश्न पडतो की इतक्या पावसाच्या मुलखात तळं कशाला? त्यांनी एकदा मे महिन्यात इथे येऊन राहावं. चार महिने डोंगरावरून पाणी नुसतं कोसळतं आणि होळी झाली की विहिरीचा तळ दिसायला लागतो. पाऊस भरपूर आणि पाणी नाही, हे कोकणाचं जुनं दुखणं. पुण्याच्या वाड्यात बसणाऱ्या नानांना ते कळलं होतं. नाना १८०० साली गेले. पेशवाई १८१८ मध्ये गेली. तळं आहे. संध्याकाळी काठावर आजही माणसं बसलेली असतात, त्यात बहुतेक वेळा मीही असतो.

इंग्रजांच्या तोंडी या गावाचं झालं कॅम्पोली. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या वेळी घाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि तीनच वर्षांत, १८५६ ला, रूळ खोपोलीला येऊन पोचले. दोन वर्षांनी वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला. तेव्हा १८५८ ते १८६३ या पाच वर्षांत मुंबईहून पुण्याला जाणारा प्रत्येक माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीने, तट्टाने नाहीतर बैलगाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. कल्पना करा, काय गजबज असेल! भोई, तट्टूवाले, गाडीवान, हमाल, खाणावळी. आमच्या गावाचं सुवर्णयुग म्हणायचं तर ही पाच वर्षं.

त्याच वेळी शेजारच्या डोंगरात ही गजबज संपवण्याचं काम जोरात चालू होतं. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल. एका टप्प्यावर चाळीस हजारांहून जास्त मजूर तिथे राबत होते. पटकीने आणि अपघाताने हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही दिवसांतच मेला. मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ते कंत्राट पुरं करून घेतलं. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली ती पळसदरीहून वर वळून. खोपोली बाजूला पडली. मुख्य लाइनीवरचं गाव सात वर्षांत फाट्यावरचं गाव झालं. मला लोकलमध्ये निवांत झोपता आलं ते या १८६३ च्या कृपेने!

नंतर पन्नास-बावन्न वर्षांनी गावाचं नशीब पुन्हा पालटलं, तेही पावसामुळेच. लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून टाटांनी ते पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून नळांमधून खाली खोपोलीत सोडलं आणि १९१५ पासून इथली वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना जाऊ लागली. जो पाऊस आमच्या अंगणातून वाहून समुद्राला मिळायचा त्याच्यावर मुंबईचे माग चालले. जनित्रं फिरवून झाल्यावर ते पाणी पाताळगंगेत सोडतात. त्यामुळे पाताळगंगा बारमाही झाली. बारमाही नदी म्हटल्यावर काठाने कारखाने आले, कारखान्यांमागून माणसं आली, माणसांमागून चाळी आणि इमारती आल्या. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि मुंबईकराला शनिवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला इथे पोचता यायला लागलं. २०२५ मध्ये पनवेलजवळच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जमिनीच्या भावाने उरलासुरला लगामही सोडला.

तर मुद्दा असा, की भाचीला मी जी यादी पाठवली होती ती सगळी जाणाऱ्या-येणाऱ्यांची होती. तळं वाटसरूंसाठी, घाट पुण्याला जाणाऱ्यांसाठी, वीज मुंबईसाठी. ती विचारत होती इथल्या माणसांबद्दल. इथे राहणारे काय पिकवत होते, काय खात होते, काय पीत होते?

पिकवत होते भात. घराघरात, खाचराखाचरात भात. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर पाला, गवत, शेण पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसाला त्यात पेरायचं, आषाढात चिखल करून आवणी, दिवाळीच्या आसपास कापणी. कर्जतला १९१९ पासून भाताचं संशोधन केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-१८४ अशी तिथून निघालेली वाणं शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. एखाद्या गावाचं नाव बियाण्याला मिळावं आणि ते दूरदूरच्या शेतांत पेरलं जावं, याहून मोठा मान कुठल्या किल्ल्याला तरी मिळालाय का? पण कर्जत म्हटलं की लोकांना आठवतो तो स्टेशनावरचा वडा. वड्याला माझा विरोध नाही. मीही अर्धं आयुष्य त्यावर काढलंय.

भात निघाला की त्याच ओल्या जमिनीत वाल. कडवे वाल, नुसत्या ओलीवर आणि दवावर येणारे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्ड्याचा पाला घालून मडकं उपडं करायचं, भोवती जाळ करायचा, आणि पोपटी. ज्याने शेताच्या कडेला बसून, हात भाजत पोपटी खाल्ली नाही त्याला मी रायगडचा म्हणणार नाही. मग तो जिल्हा कुलाबा असताना जन्मलेला असो की १९८१ ला नाव बदलल्यानंतर.

आणि पीत काय होते? हा प्रश्न आमच्या घरात मोठ्याने विचारायची सोय नव्हती. पण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ताडी आणि मोहाची. डोंगरातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांसाठी मोहाचं झाड म्हणजे घरातलं माणूस. फुलं खायला, फुलं विकायला, बियांचं तेल, आणि हो, दारूही. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आणि ताडीवर आपली पकड बसवली. १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा आला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत झाडाखाली पडलेल्या फुलांवरच निर्बंध आले. महसूल बुडतो म्हणून! कर्जत तालुका त्याच्या आदल्याच वर्षी ठाण्यातून कुलाब्यात गेला होता, आणि खालापूर तेव्हा कर्जतचा पेटा होता. ठाण्यात असता काय नि कुलाब्यात असता काय, सुटका नव्हती. महडच्या गणपतीपुढचा नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय असं सांगतात. तो दिवा आम्ही अभिमानाने दाखवतो. त्याच साली डोंगरातल्या म्हातारीला आपल्याच झाडाची फुलं लपवावी लागली, हे आमच्या गावात मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

म्हणजे ऐकलं, पण एकाकडूनच. आमच्या शेतावर आवणीला एक ठाकर म्हातारा यायचा. माझ्या वडिलांच्या वयाचा. तो सांगायचा, त्याची आजी मोहफुलं कणगीत भाताच्या तुसाखाली ठेवायची. शिपाई आला की म्हणायची, "बघ बाबा, गरिबाघरी तूसच हाय." तो हे सांगून खूप हसायचा. आम्हीही हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं हे कळायला मला साठी गाठावी लागली.

हे निर्बंध स्वातंत्र्यानंतरही या ना त्या रूपात चालूच राहिले. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि नेण्या-आणण्यावरचे नियम शिथिल केले. आणि द्राक्षाच्या वाइनसाठी खास धोरण, करसवलत, हे सगळं त्याच्या वीस वर्षं आधी, २००१ मध्ये आलं होतं. नाशिकच्या शेतकऱ्याचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका फळाची दारू म्हणजे संस्कृती आणि एका फुलाची दारू म्हणजे गुन्हा, हे कुणी ठरवलं? सुरेनची वाइन फोटोत बघून मला कौतुक वाटलं. मोहाचं नाव काढलं की अजूनही मी आधी इकडेतिकडे बघतो.

असो. आता तो सातबारा.

वडील गेल्यानंतर आम्हा तीन भावंडांच्या नावावर पंचावन्न गुंठे जमीन आहे. खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. आजूबाजूची बरीचशी गेली. तिथे आता मोठमोठ्या पाट्या आहेत. कुठे व्हॅली, कुठे मेडोज, एका ठिकाणी तर चक्क व्हिनयार्ड! आत एकही वेल नाही, बंगले आहेत आणि एक पोहण्याचा तलाव. गेल्या वर्षीपासून एक एजंट आमच्याकडेही येतोय. माणूस गोड आहे. आकडा त्याहून गोड आहे. धाकट्या भावाच्या मुलीचं शिक्षण काढायचंय, बहिणीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. भात लावून वर्षाला काय उरतं ते मी वहीत मांडून ठेवलंय. मजुरी, नांगरणीचा ट्रॅक्टर, खत वजा जाता जे उरतं त्यात गुडघा सोडा, गुडघ्याचा पट्टाही येणार नाही. तेव्हा शेत विकू नका असं जो वरून सांगतो त्याने आधी ही वही बघावी.

आणि तरीही माझ्याच्याने सही होईना. कारण विचारलं तर सांगता येत नव्हतं. "वडिलोपार्जित" हा शब्द मी वापरून बघितला, पण खोटं कशाला बोला, वडिलांनीच मला भातात पाय घालू नकोस म्हणून मुंबईच्या गाडीत बसवलं होतं.

सुरेनच्या बागेने मला ते कारण सापडायला मदत केली. नानांचं तळं दगडाचं आहे. आपण दुर्लक्ष केलं, गाळ साचू दिला, तरी ते सव्वादोनशे वर्षं तग धरून आहे. दगड आपल्या निष्काळजीपणातूनही टिकतो. पीक तसं टिकत नाही. ते दरवर्षी नव्याने करावं लागतं. राब केव्हा भाजायचा, रोप किती बोटं झालं की उपटायचं, वालासाठी ओल नेमकी किती हवी, हे कुणाच्या तरी हातात असावं लागतं. दहा वर्षं आवणी झाली नाही की ते ज्ञान त्या गावातून जातं. मग जुन्या वाड्यासारखी त्याची डागडुजी करता येत नाही. सुरेनच्या नगरपालिकेला हे उमगलं असावं. म्हणून त्यांनी बागेचा फोटो दिवाणखान्यात लावला नाही, बाग लावली. दर हंगामात छाटणी करणारा माणूस ठेवला. त्यासाठी पैसे लागतात, ते गाव देतं.

आम्हाला वाटतं आमच्या तालुक्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं. मला तसं वाटत नाही. आमचं १९२६ आत्ता चालू आहे. घरं होणारच, झालीही पाहिजेत. मुंबईने ज्यांना जागा दिली नाही ती माणसं इथवर आली आहेत, त्यांना छप्पर नको का? प्रश्न एवढाच आहे की शेवटचं खाचर बुजायच्या आधी एक तुकडा कुणी बाजूला काढतंय का. नगरपालिकेने काढला, शाळेने काढला, देवस्थानाने काढला तर उत्तमच.

दिवाळीत आम्ही तिघं बसलो. भांडण झालं, थोडं रडणं झालं. शेवटी चाळीस गुंठे विकायचे ठरले. पंधरा गुंठे, ओढ्याकडचे, ज्यांच्या बांधावर एक मोहाचं झाड आहे, ते ठेवायचे. बहीण म्हणाली, "पंधरा गुंठ्यांनी काय होणार दादा?" मी म्हटलं, काही नाही. त्या ठाकर म्हाताऱ्याचा नातू खोपोलीत रिक्षा चालवतो. त्याला विचारलं, आवणीला येशील का, योग्य मजुरी देईन. तो म्हणाला, "येईन, पण काका, माझ्या पोरालाबी आणीन. त्याला म्हाईतच नाय."

हे मला सुचलं नव्हतं.

भाचीला उत्तर द्यायचं राहिलं होतं. काल सकाळी शेतावर गेलो, वालाला पांढरी फुलं आली आहेत. मागे डोंगर, डोंगरावरून उतरणारे विजेचे मनोरे, आणि त्याच्या अलीकडे एका नव्या इमारतीचा सांगाडा. सगळं एका फोटोत बसवलं आणि पाठवून दिलं. खाली लिहिलं, "आमच्या बागेचा हंगाम चालू आहे. पोपटीला ये."